सबा सितैन की सबा सबैन?

रुमालाची गाठ सोडून पहिला कागद समोर ओढला आणि मी तशीच बसून राहिले. पुण्याचं पुराभिलेखागार, नोव्हेंबर २०१८, सकाळचे साडेअकरा. तोवर मी कागदोपत्री पक्की संशोधक झाले होते. एम.ए. इतिहास ५८ टक्के, विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा (पेट) पास, मुलाखत पास, कोर्सवर्क पास, विषयाला समितीची मंजुरी आणि त्या मंजुरीचं गोल शिक्क्याचं पत्र पिशवीत. पण समोरच्या मोडी लिपीतल्या कागदावरची एकही ओळ मला लागत नव्हती. वरचा 'श्री' ओळखला, कारण तो कुणालाही ओळखू येतो. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा पेन्सिलीने भराभर उतरवून घेत होता. पुढचे दोन तास मी पानं उलटली, मधूनमधून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, रुमाल पुन्हा बांधला (तोही धड बांधता आला नाही, शिपाईदादांनी सोडून परत बांधला) आणि तीनच्या एसटीने जुन्नरला परत आले.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. पेशवे दफ्तरातले कागद कापडात गुंडाळून ठेवलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. एकेकात शेकडो कागद निघतात आणि असे हजारो रुमाल तिथे आहेत.

एसटीत बसून मी आठवत होते, की गेल्या दीड वर्षात मला कुणी कुणी काय काय विचारलं. एम.ए.ला ५५ टक्के आहेत का. नोकरी करता, तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र आहे का. मायग्रेशन आणलंत का. गाईडची संमती आहे का. लग्नानंतर नाव बदललंय, तर राजपत्र आहे का. 'मोडी वाचता येतं का?' हा प्रश्न कुठल्याच खिडकीवर, कुठल्याच समितीत, कुणीच विचारला नव्हता. आणि मी विषय घेतला होता पेशवाईतल्या जकातीचा.

तो विषय एका मुलीमुळे आला. मी जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. आमची सहल दर दोन वर्षांनी नाणेघाटात जातेच. सातवाहनांचा लेख दाखवायचा, नागनिकेचं नाव सांगायचं, मग घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणापाशी फोटो. त्या रांजणात जकातीची नाणी टाकत असत, असं सगळे सांगतात, मीही सांगायचे. एका वर्षी बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पण किती टाकायचे?" सातवाहनांचं राहू दे, अडीचशे वर्षांपूर्वी याच वाटेने कोकणात उतरणाऱ्या बैलामागे किती पडत होते, तेही मला सांगता आलं नाही. एम.ए.ला मराठ्यांची प्रशासनव्यवस्था हा अख्खा पेपर होता. त्यात जकातीवर दीड पान होतं आणि मी ते परीक्षेला पाठ करून गेले होते.

माझी नोंदणी २०१७ ची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१६ च्या नियमावलीखालची. ती थोडक्यात सांगते, कारण मुलं विचारतात. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी आणि दिव्यांगांना पाच टक्क्यांची सवलत. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर, आणि निम्मे गुण मिळाले की पास. नेट किंवा सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) असेल तर आमच्याकडे लेखी परीक्षेतून सुटका होती. माझी सेट दोनदा थोडक्यात हुकली होती, म्हणून पेट दिली. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा; बायकांना वर आणखी दोन. ही दोन वर्षं कुणाच्या डोक्यातून आली असतील, त्यांनी नक्की घरात काम केलेलं असणार. आता २०२२ ची नियमावली आहे. एम.फिल. बंद झालं, प्रबंधाआधी शोधनिबंध छापायची सक्ती गेली, चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी घेणाऱ्याला एम.ए.शिवाय दार उघडलं, आणि २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरतात. तेव्हा माझ्या अनुभवातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ज्याचं त्याने बघावं.

पेटपेक्षा गाईड मिळवणं अवघड गेलं. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. यादी घेऊन मी फोन करत सुटले. मध्ययुगीन इतिहासाचे जे तीन-चार मार्गदर्शक होते त्यांच्या जागा भरलेल्या. एक सर म्हणाले, एकजण डिसेंबरमध्ये सबमिट करणार आहे, तेव्हा या. तो एकजण, माझी पीएचडी संपली तेव्हाही सबमिट करायचाच होता. शेवटी ज्या सरांनी हो म्हटलं त्यांचं सगळं काम मुंबईच्या गिरण्यांवरचं, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "हे बघा, मला मोडी येत नाही. पेशवाई मी विद्यार्थ्यांना शिकवतो तेवढीच. तुम्ही मांडणी नीट करताय का, पुरावा आणि निष्कर्ष यांत अंतर राहतंय का, एवढं मी बघीन. चालेल?" मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, इतकं स्वच्छ सांगणारा गाईड मिळाला हेच नशीब.

विषय मंजूर व्हायला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला मी नाव दिलं होतं, 'मराठ्यांचे जकात धोरण : एक चिकित्सक अभ्यास'. आमच्याकडच्या दर दहा प्रबंधांतले सहा 'एक चिकित्सक अभ्यास' असतात, उरलेले 'एक अभ्यास'. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "मराठे म्हणजे कोणते? तंजावरचे, नागपूरचे, की सगळेच? आणि कधीपासून कधीपर्यंत?" मला घाम फुटला. दुसऱ्या खेपेला जुन्नर प्रांत आणि १७६१ ते १८०३ असा तुकडा पाडला: पानिपतापासून वसईच्या तहानंतरच्या धामधुमीपर्यंत. तो मंजूर झाला. मॅडमना मी मनातल्या मनात बरीच वर्षं शिव्या घातल्या. आता माझ्याकडे कुणी विषय घेऊन आलं की मीही तेच दोन प्रश्न विचारते.

कोर्सवर्कबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सहा महिने शनिवार-रविवार, सगळ्या सामाजिक शास्त्रांचे विद्यार्थी एका वर्गात. प्रश्नावली कशी तयार करावी, नमुना निवडीचे प्रकार किती, काई स्क्वेअर म्हणजे काय. मी शेजारच्या अर्थशास्त्राच्या मुलाला म्हटलं, माझे सगळे उत्तरदाते मेलेले आहेत, प्रश्नावली कुणाकडे पाठवू? गंमत जाऊ दे, पण आराखड्याचा नमुनाही सगळ्यांना एकच. त्यात 'गृहीतके' असा रकाना होता आणि 'नमुना निवड पद्धती' असाही. कागद पाहण्याआधी गृहीतक लिहायचं होतं. मी लिहिलं, की अभ्यासकाळात जकातीचे उत्पन्न राजकीय अस्थैर्यामुळे घटत गेले. नमुना निवडीत लिहिलं, 'उद्देशपूर्ण नमुना निवड'. खरं कारण असं, की अभिलेखागारात जो रुमाल मिळेल तोच माझा नमुना होता. त्या गृहीतकाने पुढे मला खड्ड्यात घातलं, ते सांगतेच.

मोडीकडे वळते.

पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे राहून असा एक वर्ग केला. बाराखडी आली, सोपे उतारे वाचता आले, प्रमाणपत्र मिळालं. जूनमध्ये पुन्हा रुमाल उघडला आणि पुन्हा तेच. वर्गातलं मोडी फळ्यावर सुटं सुटं काढलेलं असतं. दफ्तरातला कारकून आधी आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरांमागून अक्षरं ओवत जातो. शब्द कुठे संपला ते कळत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, काना जोडला की काही अक्षरांचा चेहराच पालटतो. त्यात निम्मे शब्द संक्षेपात. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'पा॥' म्हणजे पाठविले, आणि बाकीचे वाचता वाचता कळतात किंवा कळत नाहीत. लिपी आली तरी भाषा अडवते. दस्तक, कमाविसदार, थळभरीत, थळमोड. माल जिथे भरला तिथे द्यायची ती थळभरीत, जिथे उतरवून विकला तिथली थळमोड, एवढं समजायला मला दोन महिने लागले.

आकड्यांची तऱ्हा वेगळीच. रुपयाच्या पुढे उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा. म्हणजे ५॥।= दिसलं तर पाच रुपये चौदा आणे. छापलेलं हे सोपं दिसतं. कारकुनाचा हात घाईत असला की उभी रेघ कलते आणि मग ती पावली आहे की आणा, हे ठरवताना घाम येतो.

माझ्या मदतीला आले काका. आमच्याच तालुक्यातले, भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे. जुनी खरेदीखतं, जमिनीच्या फाळणीचे कागद वाचून द्यायला लोक त्यांच्याकडे जायचे. त्यांचं शिक्षण जुनी मॅट्रिक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं मोडीचं प्रमाणपत्र हातात घेतलं, चष्म्यातून नीट पाहिलं, परत दिलं आणि कपाटातून एक कागद काढला. "वाचा." मी अडखळत दीड ओळ वाचली. "बाई, तुम्ही अक्षरं वाचताय," ते म्हणाले. "मजकूर वाचा." मग दर रविवारी सकाळी जायचं ठरलं. मी आठवडाभरात अभिलेखागारात उतरवलेले दोन-तीन कागद घेऊन जायचे. फोटो काढायला परवानगी आणि पैसे दोन्ही लागायचे, म्हणून मी बहुतेक कागद पेन्सिलीने जसेच्या तसे गिरवून आणायचे, मोडीतच. काका म्हणायचे त्यानेच हात बसतो. ते पैसे घेत नसत. काकूंना मात्र माझ्या येण्याने रविवारचं चिकन लांबायचं, त्याबद्दल त्या स्पष्ट बोलायच्या.

पहिला रुमाल उघडल्यावर सव्वा वर्षाने मी वाचायला लागले. अमुक दिवशी आलं असं नाही. एकदा दुपारी एका यादीतला लमाणाच्या तांड्याचा तपशील वाचून मला हसू आलं. बैल किती यावरून जकात चौकीवरचा माणूस आणि तांड्याचा नाईक यांची जुंपली होती. कमाविसदाराने, म्हणजे वसुली अधिकाऱ्याने, वैतागून वर लिहून पाठवलं होतं, आणि त्याच्या त्या वैतागाचं मला हसू आलं. हसल्यावर लक्षात आलं की मी ते वाचत होते.

तेवढ्यात कोरोना आला. मार्च २०२० पासून अभिलेखागार बंद, पुढे उघडलं तेही मोजक्या माणसांसाठी. मुदतवाढीची परिपत्रकं येत राहिली. घरी बसून मी जेवढं उतरवलं होतं तेवढ्यावर तक्ते तयार केले. शाळा ऑनलाइन, नवऱ्याचं काम ऑनलाइन, घरात एकच चालणारा लॅपटॉप. प्रबंधाचं चौथं प्रकरण मी मोबाईलवर बोलून लिहिलंय. 'कमाविसदार' म्हटलं की फोन 'कमावती सरदार' लिहायचा.

त्याच चौथ्या प्रकरणात माझा खड्डा होता. माझ्याकडे एक ताळेबंद होता, त्यात एका चौकीचं उत्पन्न एकदम खाली गेलेलं दिसत होतं. त्यावर साल होतं ते मी वाचलं 'सबा सबैन मया व अलफ'. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतो, मृग नक्षत्राला सुरू होणारा, आणि तो अरबी शब्दांत लिहितात, एकं आधी. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. ११७७. त्यात पावसाळ्यापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे १७७६-७७. आणि ते साल माझ्या गृहीतकात असं चपखल बसलं की काय सांगू. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलेलं. मार्च १७७६ ला पुरंदरचा तह. त्याच वर्षी सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने कोकणात उच्छाद मांडलेला. घाटाखाली एवढी धामधूम, मग माल उतरेल कसा? जकात घटणारच. मी आठ पानं लिहिली. इतकं नीट जुळतंय म्हटल्यावर खरं तर संशय यायला हवा होता.

प्रबंध देण्याआधी तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन परिषदांत निबंध वाचायचे आणि एक तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकात छापायचा. मी हाच भाग घेतला. एका परिषदेत वाचला, टाळ्या, प्रमाणपत्र, पिशवी आणि पेन. मग छापायला पाठवायचं. काही नियतकालिकांची पत्रं अशी, की दीड हजार भरा, आठवड्यात छापतो, परीक्षणाची काळजी नको. तिथे मी गेले नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. जिथे दिला तिथे खरोखर दोघांनी तपासला. एकाने संदर्भांच्या खुणा सुधारायला सांगितल्या, दुसऱ्याने 'मांडणी तर्कशुद्ध' असं लिहिलं. सहा महिन्यांनी छापून आला.

तो अंक मी काकांना नेऊन दिला. त्यांनी वाचला, मान हलवली, ठेवून दिला. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी दुसऱ्याच एका रुमालातला कागद गिरवून नेला होता, साल 'समान सितैन'. समान म्हणजे आठ, सितैन म्हणजे साठ. ११६८, म्हणजे १७६७-६८. त्याच चौकीचा हिशेब. काकांनी बोट ठेवलं: "साल गुदस्तचा आकडा बघा." साल गुदस्त म्हणजे मागचं वर्ष. आकडा माझ्या तक्त्यातला होता. रुपये, पावल्या, आणे, सगळं तंतोतंत तेच.

"बाई, तुमचा तो सबा सबैन नाहीये," काका म्हणाले. "सबा सितैन आहे."

दहा वर्षांचा फरक. ११६७, म्हणजे १७६६-६७. इंग्रज नाहीत, तोतया नाही, नाना फडणीस अजून कारभारी नाहीत. कागदावर नाव माधवरावांचं होतं, पण माधवराव दोन. थोरले की सवाई ते नुसत्या नावावरून कळत नाही. दोन्ही वेळा पेशवा माधवरावच, म्हणून मला कुठे खटकलंच नव्हतं. मी गिरवलेली प्रत उघडून पुन्हा पाहिलं. 'सबैन' वाचावं असं तिथे काही नव्हतं. तिथे 'त' होता. मला १७७६ हवं होतं म्हणून मी 'ब' वाचला होता.

सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठ पानं काढून टाका. आणि कुणी सांगितलं ते ऋणनिर्देशात लिहा." नियतकालिकाला मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, स्मरणपत्रही पाठवलं. उत्तर आलं नाही. तो निबंध तसाच आहे, सबा सबैनसकट, आणि माझ्या प्रबंधाच्या मागे जोडलेल्या प्रकाशनांच्या यादीतही आहे, कारण यादीत एक प्रकाशन असणं सक्तीचं होतं.

चौथं प्रकरण नव्याने लिहायला चार महिने गेले. गृहीतक टिकलं नाही. माझ्या मूठभर कागदांत तरी उत्पन्न सरळ घटत जात नाही, ते वर-खाली होतं आणि त्याची कारणं बऱ्याचदा स्थानिक निघतात: पाऊस, तांड्यांनी बदललेली वाट, एखाद्याला मिळालेली माफी. 'गृहीतक अंशतः सिद्ध' असं लिहायची पद्धत आहे. मी 'सिद्ध झाले नाही' लिहिलं. त्यावरून सबमिशनआधीच्या सादरीकरणात एका सदस्यांनी काळजीने विचारलं, "मग पीएचडी कशाची?" सर म्हणाले, "त्याचीच."

आता कागदपत्रांचा भाग, पटकन उरकते. प्रबंध मी श्रीलिपीत टंकून घेतला होता, कारण आमच्याकडचे टायपिस्ट त्यातच करतात. वाङ्मयचौर्य तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो फॉन्ट कळेना. अहवाल आला शून्य टक्के. ग्रंथालयातल्या मॅडमनी तो माझ्या हातात न देता युनिकोडमध्ये करून आणायला सांगितलं. रूपांतर केल्यावर सगळे रफार उडाले, 'सर्व' चं 'सव' झालं, आणि ३१२ पानं ओळ न् ओळ पुन्हा वाचावी लागली. मग आठ टक्के आले. दहापर्यंत चालतात. प्रती, बांधणी, शुल्क, हमीपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रबंध जमा झाला.

त्यानंतर आठ महिने काही नाही. बाहेरचे दोन परीक्षक लागतात, त्यांतला एक राज्याबाहेरचा असावा असा आमच्या विद्यापीठाचा आग्रह. पण प्रबंध मराठीत. म्हणजे बडोदा, गोवा, धारवाड एवढ्यातच फिरायचं, आणि तिथले वाचणारे हात मोजके. विभागात फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे' एवढं ऐकायला मिळायचं.

त्याच दिवसांत काकांचे दिवस पालटले. कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, आणि तहसील कचेऱ्यांमधून मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. काकांच्या ओट्यावर रांग लागली. ब्याऐंशी वर्षांचा माणूस सकाळी सातला बसायचा तो दुपारी काकू ओरडेपर्यंत. दोन-तीनदा मलाही बोलावलं. खापरपणजोबाच्या नावापुढचा एक शब्द वाचून सांगा म्हणून एक कुटुंब मंचरहून आलं होतं. शब्द त्यांना हवा होता तो नव्हता. काकांनी तो दोनदा वाचला, मला वाचायला लावला आणि कागद परत दिला. त्या माणसाने कुरकूर न करता चहा घेतला. मला माझा सबा सबैन आठवला.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, जून २०२४ मध्ये झाली. खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. एक परीक्षक समोर, एक पडद्यावर. विभागातले सात-आठजण, माझ्या शाळेतल्या दोघी, नवरा, आणि मागच्या रांगेत काठी घेऊन काका. पंचवीस मिनिटं मी बोलले. पडद्यावरच्या मॅडमनी थळभरीत आणि थळमोड एकाच मालावर दोन्हीकडे पडत असेल तर व्यापाऱ्याला परवडत कसं होतं, हे चांगलं खोदून विचारलं. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं आणि पुढचं माझ्या कागदांत नाही असं म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

मग रीतीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, सभागृहातून कुणाला प्रश्न? असं विचारलं की सगळे खाली बघतात. मागून काकांनी हात वर केला.

"बाई, पान १४३. तक्त्यातली तिसरी ओळ. तुम्ही तिथे ॥। घेतलंय, बारा आणे. मला ते ॥- वाटतंय. नऊ आणे. मूळ कागद बघितला होता का परत?"

लोक हसले. परीक्षकही हसले. तीन आण्यांचा प्रश्न. मी १४३ पान काढलं. माझी गिरवलेली प्रत घरी होती. तिसरी रेघ उभी होती की कलती, मला आठवेना. "बघितला नव्हता," मी म्हटलं. अध्यक्षांनी अभिनंदन केलं, पेढे फिरले, शाल आली, फोटो निघाले. काकांनी दोन पेढे खाल्ले, एक काकूंसाठी खिशात टाकला.

शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या संकेतस्थळावर, टाकायची अंतिम प्रत पंधरा दिवसांत द्यायची होती. मी तिसऱ्याच दिवशी पुण्याला गेले, तर तो रुमाल स्कॅनिंगला गेलेला. परत कधी येईल? सांगता येत नाही. पंधरा दिवस संपले, प्रत गेली, नोटिफिकेशन आलं, शाळेतल्या फळ्यावर मुलांनी नावाआधी डॉ. लिहिलं.

सप्टेंबरमध्ये रुमाल मिळाला. गाठ सोडली, कागद काढला, खिडकीकडे धरला.

नऊ आणे.